एकाच पाण्यात

प्रश्न असा आला आहे : "आमच्या शहरात दर मे महिन्यात पाणीकपात होते. नव्या सोसायट्यांना स्वतःचे स्विमिंग पूल आहेत. मग महापालिकेनं करदात्यांच्या पैशातून सार्वजनिक जलतरण तलाव चालवण्यात काय हशील? मुळात हे तलाव शहरांत आले कशासाठी, आणि पुढे त्यांचं काय होणार?"

माझी नोकरीची तीसेक वर्षं टँकवर गेली. सुरुवात फिल्टर ऑपरेटर म्हणून, शेवट व्यवस्थापक म्हणून. (आम्ही टँकच म्हणतो. 'जलतरण तलाव' पाटीवर आणि निविदेत असतो.) त्यामुळे उत्तर काठावरून कमी आणि पंपाच्या खोलीतून जास्त येईल, ते चालवून घ्या.

आधी पाणी, कारण राग त्याचाच आहे. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि सगळीकडे २ मीटर खोल अशा टँकमध्ये २५ लाख लिटर पाणी मावतं. आकडा ऐकला की माणूस हबकतो, आणि पाणीकपातीची बातमी आली की नगरसेवकाला पहिला आठवतो तो टँकच. पण हे पाणी एकदा भरतात. पुढे वर्षानुवर्षं तेच गाळून, औषध टाकून फिरवत राहतात. रोज जातं ते वेगळंच. उन्हाळ्यात आपल्याकडे पृष्ठभागावरून दिवसाला सहाएक मिलिमीटर पाणी उडतं असं धरा, म्हणजे साडेसात हजार लिटर. टँकरसुद्धा भरत नाही. फिल्टरमधली वाळू धुवायला पाणी उलटं सोडावं लागतं, त्याला आम्ही बॅकवॉश म्हणतो. त्यात सरासरी वीसेक हजार जातात. अंगाबरोबर, उड्यांबरोबर बाहेर पडणारं थोडं. नीट चालवलेल्या मोठ्या टँकचा रोजचा खर्च ३० हजार लिटरच्या आसपास बसतो. हंगामात सकाळ-संध्याकाळच्या बॅचेस मिळून ८०० माणसं येत असतील, तर माणशी दोन बादल्या. त्याच्या शॉवरचं पाणी वेगळं, पण ती आंघोळ त्यानं घरी केलीच असती.

हे 'नीट चालवलेल्या'चं गणित झालं. गळका टँक ही निराळी जात आहे. सांध्यातून, तळाच्या पाइपातून रोज इंचभर पाणी उतरत असेल तर ३० हजार लिटर फुकट जातात, आणि ते वर्षानुवर्षं जात राहतात, कारण भरायला नळ आहे आणि दुरुस्तीला बजेट नाही. म्हणून पाणीकपातीत टँक बंद करा असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त विचारतो, आधी गळती मोजली का? रात्री पंप बंद करायचा, पायरीवर पाण्याच्या रेषेला खडूनं खूण करायची, शेजारी त्याच पाण्यानं भरलेली बादली ठेवायची. सकाळी बादलीतलं पाणी किती उतरलं आणि टँकचं किती, हे पट्टीनं बघायचं. फरक म्हणजे गळती. याला सल्लागार लागत नाही.

आता हे आले कशासाठी. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहापासून सुरुवात करायची पद्धत आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आतबाहेर खोल असा तो हौद. विटा जिप्समच्या चुन्यात बसवलेल्या आणि मागे डांबराचा थर. वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदारांना एकदा तिथली सहल घडवून आणावी असं मला फार वाटायचं. पण तो पोहण्यासाठी नव्हता, बहुधा विधीसाठी होता. आपले घाट, कुंडं, बारव याच कुळातले. पोहणं तिथं होतं, पण चोरून किंवा ओघात. गावाकडचा मुलगा पोहायला शिकला तो विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा, वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून. काठावर काका उभा. मुटका मारायला तोच शिकवणार आणि नाकातोंडात पाणी गेलं की हसणारही तोच.

शहरी सार्वजनिक टँक जन्माला आला तो घाणीतून. इंग्लंडची कारखान्यांची शहरं, घरात न्हाणी नाही, पटकीच्या साथी. लिव्हरपूलमध्ये १८२८ साली नगरपालिकेनं स्नानगृह बांधलं. १८३२ च्या पटकीत त्याच शहरातल्या किटी विल्किन्सन नावाच्या गरीब बाईनं आपल्या घरातला बंब शेजाऱ्यांना कपडे धुवायला खुला केला, आणि त्यातूनच पुढे १८४२ मध्ये सार्वजनिक धुण्याचं नि न्हाण्याचं केंद्र उभं राहिलं. १८४६ साली पार्लमेंटनं कायदाच केला की नगरपालिकांना अशी स्नानगृहं कर्ज काढून बांधता येतील. हेतू पोहण्याचा नव्हता, माणूस धुण्याचा होता. पोहणं नंतर घुसलं, आणि एकदा घुसल्यावर त्यानं धुण्याला बाहेर काढलं.

त्या काळी फिल्टर नव्हता. टँक भरायचा, आठवडाभर वापरायचा, ओतून द्यायचा. भरल्या दिवशी तिकीट महाग, मग पाणी गढूळ होत जाईल तसं स्वस्त. काही ठिकाणी पहिल्या वर्गाचा टँक वेगळा नि दुसऱ्या वर्गाचा वेगळा. नव्या ऑपरेटरला हे सांगितलं की तो हसायचा. मग मी त्याला बॅकवॉशच्या काचेतून जाणारं कॉफीच्या रंगाचं पाणी दाखवायचो. आजही पाणी दर तासाला मळतंच. फक्त वाळू आणि क्लोरीन आल्यामुळे सकाळी साताच्या आणि संध्याकाळी साताच्या माणसाला एकाच प्रतीचं पाणी देता येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही सुधारणा मला फार मोठी वाटते, कारण तिनं गढूळ पाण्याचं स्वस्त तिकीट रद्द केलं.

विषय निघालाच आहे तर क्लोरीनबद्दल सांगतो, कारण याबद्दल जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाबद्दल नसतील. टँकवर पाऊल टाकताच नाकाला झोंबणारा वास आला की लोक म्हणतात, आज औषध भरपूर टाकलंय. बहुतेक वेळा उलटं असतं. मोकळ्या क्लोरीनला तेवढा वास नसतो. घाम, लघवी, अंगाचा मळ यांच्याशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात. वास त्यांचा, आणि डोळे लाल करतात तीही तीच. म्हणजे तो वास 'क्लोरीन संपत आलंय आणि घाण उरलीय' असं सांगत असतो. दुसरं, क्लोरीन किती आहे यापेक्षा ते कामाचं किती आहे हे महत्त्वाचं, आणि ते पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल नि किती अल्कली आहे यावर ठरतं. पीएच ७.५ ला निम्मं क्लोरीन जंतू मारायच्या रूपात असतं. ८ ला जेमतेम पाव. नोंदवहीत 'क्लोरीन २' लिहिलेलं आणि पीएच ८.२, असे टँक मी बघितलेत. कागदावर पास, पाण्यात नापास.

तिसरा मुद्दा ठेकेदारांना आवडत नाही. बऱ्याच ठिकाणी ट्रायक्लोर या क्लोरीनच्या औषधाची पावडर किंवा गोळ्या वापरतात. सोय असते, साठवायला बरं. पण क्लोरीनच्या प्रत्येक मात्रेबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात साचत जातं. थोडं असलेलं बरं, उन्हात ते क्लोरीन टिकवतं. पण ते उडून जात नाही, वाळूत गाळलं जात नाही. महिनोन् महिने साचलं की क्लोरीनलाच जखडून ठेवतं. मग ठेकेदार म्हणतो, "साहेब, रोज औषध टाकतोय तरी पाणी हिरवं होतंय." खरंच टाकत असतो बिचारा. उपाय एकच, काही पाणी काढून नवं भरणं. म्हणजे स्वस्त औषधाची किंमत शेवटी पाण्यात मोजावी लागते.

आणि आपला खास मराठी प्रश्न, डोक्याचं खोबरेल. शॉवर न घेता उतरणाऱ्यांच्या तेलाचा पाण्याच्या रेषेवर टाइल्सना काळपट पट्टा बसतो, तो घासायला माझी दोन माणसं आठवड्यातला एक दिवस घालवायची. 'पोहण्यापूर्वी शॉवर घ्या' ही पाटी शिस्तीसाठी लावलेली नसते, ती फिल्टर रूमनं केलेली विनवणी असते.

पाणी स्वच्छ ठेवता येऊ लागल्यावर टँक चैनीचा आणि आनंदाचा झाला. त्याचं सगळ्यात भव्य उदाहरण न्यूयॉर्कचं. महामंदीत बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून १९३६ च्या एका उन्हाळ्यात त्या शहरानं ११ प्रचंड टँक खुले केले. रॉबर्ट मोझेस हा तिथला उद्यानप्रमुख, आणि हे टँक गरीब, दाट वस्त्यांत बांधले गेले. विटांच्या देखण्या इमारती, हजारो माणसं एकावेळी. एखाद्या शहरानं कामगाराच्या पोराला राजवाड्यासारखी जागा दिली असेल तर ती ही. ते टँक आजही वापरात आहेत.

पण अमेरिकेचीच पुढची गोष्ट मला जास्त सांगावीशी वाटते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. सेंट लुईस शहरात १९४९ च्या जून महिन्यात पालिकेनं टँक सर्वांना खुले केले. फेअरग्राउंड पार्कच्या टँकवर काळी मुलं पहिल्यांदा उतरली आणि त्या संध्याकाळी बाहेर जमलेल्या गोऱ्या जमावानं काळ्यांना मारहाण केली. पालिकेनं दुसऱ्या दिवशी हुकूम मागे घेतला. पुढे कोर्टानं टँक खुला करायला लावला, तेव्हा गोरे लोक यायचेच बंद झाले, आणि काही वर्षांत टँकच बंद पडला. १८ जून १९६४ ला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमध्ये एका मोटेलच्या टँकमध्ये काळे आणि गोरे आंदोलक एकत्र उतरले, तर मॅनेजरनं पाण्यात म्युरिएटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड ओतलं. हा फोटो जगभर गेला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मनात आलं ते धंद्यातलंच : हे ॲसिड मी रोज टाकतो, पीएच उतरवायला! एवढ्या पाण्यात त्या कॅननं कुणाला काही होणार नव्हतं. ओतणाऱ्यालाही भीतीच घालायची होती.

आणि मिसिसिपीतलं जॅक्सन. कोर्टानं सांगितलं की सार्वजनिक सोयींत वर्णभेद चालणार नाही, तर त्या शहरानं आपल्या पाच टँकपैकी चार बंदच करून टाकले आणि पाचवा मूळ मालक संस्थेला परत दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की टँक सगळ्यांनाच बंद असेल तर त्यात समानतेचा भंग नाही. जिथं ऐपत होती तिथं लोक उपनगरांतल्या खाजगी क्लबांत आणि परसातल्या टँकमध्ये गेले. सार्वजनिक टँकचं बजेट आटलं, आणि मग बजेट नाही म्हणून टँक वाईट, वाईट म्हणून लोक नाहीत, लोक नाहीत म्हणून बजेट नाही.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी लोकांना मारहाण केली, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केलं. नगरपालिकेनं आपला ठरावही मागे घेतला. हायकोर्टाचा अंतिम निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं यायला १९३७ उजाडलं. ते तळं पिण्याचं, पोहण्याचं नव्हे, हे मला कळतं. पण पाण्यात ॲसिड ओतणारा आणि घागरी ओतणारा यांना एकच गोष्ट सहन होत नव्हती : दुसऱ्याच्या अंगाला लागलेलं पाणी आपल्या अंगाला लागणं. रस्त्यावर शेजारून चालता येतं, बागेत दुसऱ्या बाकावर बसता येतं. टँकमध्ये मात्र मधे काहीच नसतं.

मुंबईत याच्या खुणा अजून दिसतात. ब्रीच कँडीचा स्विमिंग बाथ, ज्यातला एक टँक अखंड हिंदुस्थानच्या नकाशाच्या आकाराचा आहे, त्यात स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं हिंदुस्थानी माणसाला उतरता येत नव्हतं. नकाशा आपला, पाणी त्यांचं. आणि गिरगाव चौपाटीजवळच्या प्राणसुखलाल मफतलाल बाथच्या तर पूर्ण नावातच 'हिंदू' हा शब्द आहे. दोन्ही खाजगी संस्था, त्यांचे नियम त्यांचे. म्हणूनच शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या महात्मा गांधी तरण तलावाला मी वेगळं मानतो. तिथं प्रवेशाला फी, डॉक्टरचा दाखला आणि नायलॉनचा कॉस्च्यूम एवढं लागतं. कुणाचा कोण हे विचारत नाहीत. (२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं सकाळी टँक उघडण्याआधी दोनेक फुटांचं मगरीचं पिल्लू सापडलं होतं, तेवढं सोडलं तर. त्याच्याकडे पास नव्हता.) कॉस्च्यूमच्या सक्तीवरून लोक भांडतात म्हणून सांगतो, सुती कपड्याचे धागे सुटून पंपाच्या जाळीत आणि वाळूत बसतात. त्यात नैतिकतेचा प्रश्न नाही. अंगभर नायलॉन घाला, आमची हरकत नसते.

मी काम केलं त्या टँकवर दुपारी बायकांची पाऊण तासाची बॅच असायची. सुरुवातीला अकरा-बारा जणी. शिकवायला बाई मिळाली त्या वर्षी साठ झाल्या. भाजीवाली, शाळेतली मुख्याध्यापिका, दोन नर्सेस, एक आजी जिला डॉक्टरनं गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं. महिनाभर सगळ्या नाक धरून एकाच उथळ बाजूला उभ्या. कोण कुठल्या पेठेतली हे पाण्यात ओळखायला येत नाही, टोपी घातल्यावर तर नाहीच. हे मी सोसायटीच्या टँकवर कधी पाहिलं नाही.

आता सोसायट्यांचे टँक. तुमचा मुद्दा असा की ते आहेत, मग सार्वजनिक कशाला. बिल्डरच्या जाहिरातीत निळं पाणी लागतं म्हणून ते बांधले जातात. बरेचसे मूत्रपिंडाच्या आकाराचे, दहा-बारा मीटरचे, ज्यात सरळ चार हात मारले की भिंत लागते. जीवरक्षक ठेवणं परवडत नाही, म्हणून सुरक्षारक्षकालाच शिट्टी देतात, ज्याला स्वतःला पोहता येत नाही. पाण्याची तपासणी करणारा आठवड्यातून एकदा येतो. माणशी पाणी मोजलं तर हे छोटे टँक मोठ्यापेक्षा कितीतरी उधळे, कारण वापरणारी माणसं पाच आणि बाष्पीभवन दिवसभर. पण माझी मुख्य तक्रार ही नाही. ज्यांच्या शब्दाला वॉर्ड ऑफिसात वजन आहे ते लोक आपापल्या फाटकाआड गेले, की सार्वजनिक टँकची फरशी फुटली तर ओरडणारं कुणी उरत नाही. अमेरिकेत ते रंगावरून झालं. आपल्याकडे फ्लॅटच्या चौरस फुटांवरून होतंय.

टँक मरतो कसा, हे मी जवळून पाहिलंय. एका पालिकेचा जुना टँक, नाव घेत नाही. चांगला चालला होता. दुरुस्तीसाठी रिकामा केला तो जुलैमध्ये. शेजारी ओढा, जमिनीत पाणी वर आलेलं. भरलेला टँक स्वतःच्या वजनानं बसून राहतो. रिकामा टँक म्हणजे जमिनीत पुरलेली होडी, खालचं पाणी तिला उचलतं. तळाला दाब सोडणारा झडप होता, पण कुणीतरी गळती समजून तो सिमेंटनं बुजवला होता. आठवड्यात तळाला फुगवटा आला, फरशी पापडासारखी फुटली. मग अंदाजपत्रक, फेरअंदाजपत्रक, निविदा, फेरनिविदा. चार वर्षं त्यात शेवाळ आणि डास. शेवटी लोकच म्हणायला लागले, बुजवा एकदाचा. करोनात दीड-दोन वर्षं टँक बंद राहिले तेव्हा असं पुष्कळ ठिकाणी झालं. आम्ही मात्र रोज तासभर पंप फिरवत राहिलो, पोहायला कुणी नसताना. वरिष्ठांनी विजेच्या बिलाबद्दल विचारलं. मी म्हटलं, पाणी नसलेला टँक बिल भरलेल्या टँकपेक्षा महाग पडतो.

दुसरं मरण खाजगीकरणाचं. चालवायला देणं मुळात वाईट नाही, पण करारात काय लिहिलंय ते बघा. बहुतेक करार 'जास्तीत जास्त भाडं देईल त्याला' असे असतात. मग ठेकेदार भाडं काढायला फी वाढवतो, सकाळचे मोक्याचे तास कोचिंगवाल्यांना देतो, खर्च वाचवायला रात्री फिल्टर बंद ठेवतो. फिल्टरचं गणित त्याला माहीत नसतं असं नाही. टँकभर पाणी एकदा पंपातून गेलं म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असं होत नाही, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. एका फेरीत प्रत्यक्षात ६३ टक्क्यांच्या आसपासच पाणी गाळलं जातं, तीन फेऱ्यांनंतर कुठं ९५. म्हणून पंप दिवसरात्र लागतो. वीज वाचवली की ती तिसऱ्या दिवशी पाण्याच्या रंगात दिसते.

भवितव्याचं विचारलंत. जगात काही सुंदर गोष्टी चालल्या आहेत. पॅरिसनं सीन नदी साफ करायला १४० कोटी युरोच्या आसपास घातले आणि १९२३ पासूनची बंदी उठवून २०२५ च्या जुलैमध्ये नदीत पोहायला लोकांना जागा करून दिल्या. त्याच शहरातल्या एका जुन्या टँकचं पाणी संगणकांच्या सर्व्हरमधून निघणाऱ्या उष्णतेवर काही अंशी गरम करून पाहिलं गेलं. कोपनहेगननं बंदराच्या पाण्यात तरंगते टँक केले. हे वाचून आपल्या मुळा-मुठेत किंवा मिठीत पोहण्याची स्वप्नं ज्यांना पडतात त्यांना नमस्कार. मैलापाणी पूर्णपणे शुद्ध होईपर्यंत मी तरी अंगठा बुडवणार नाही. आणि पॅरिसला उष्णतेची ददात आहे, आपल्याला नाही. पुण्याच्या डिसेंबरातल्या चार थंड आठवड्यांसाठी छतावर सौरनळ्या आणि रात्री पाण्यावर आच्छादन पुरतं. आच्छादनानं बाष्पीभवनही कमी होतं. बॅकवॉशचं पाणी एका टाकीत मुरवून, क्लोरीन उडालं की बागेला द्यायचं. यात नवीन काही नाही.

माझं मत विचाराल तर ऑलिंपिक आकाराचे, म्हणजे सुरुवातीला सांगितला तसे २५ लाख लिटरचे टँक बांधणं आता पुरे. बालेवाडीला आहे, जिथं स्पर्धा होतात. प्रत्येक महापालिकेला आपला हवा असतो कारण 'ऑलिंपिक दर्जाचा' हे उद्‌घाटनाच्या फलकावर शोभतं. मुंबई महापालिकेनं गेल्या काही वर्षांत वरळी, मालाड, दहिसर, अंधेरी अशा भागांत नवे टँक काढले, ते मला या दृष्टीनं बरोबर वाटतं, टँक माणसांकडे जायला हवा. पण त्याहून लहान जा. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटरच्या आत खोल असा टँक पावणेचार लाख लिटरमध्ये भरतो. एका ऑलिंपिक टँकच्या पाण्यात असे सहा बसतात, वर थोडं पाणी उरतं. आणि ऑलिंपिक टँकच्या दोन मीटर पाण्यात नवशिक्याला शिकवताच येत नाही. पाय टेकत नाहीत. पाय टेकतात तिथं भीती जाते, आणि शिकवणारा एकाऐवजी आठ मुलं घेऊ शकतो.

हा शिकवण्याचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवतो, चैनीच्याही आणि पदकांच्याही. देशात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. दर पावसाळ्यात वर्षासहलीच्या, धबधब्याच्या, खाणीच्या डबक्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्यांत शहरातली मुलंही असतात. पूर्वी विहिरीवर काका होता. विहीर आता इमारतीखाली गेली, काका गावी राहिला. आइसलँडमध्ये शाळेत पोहणं सक्तीचं आहे, कारण बेट आणि मच्छीमारी. आपल्याकडे समुद्रकिनारा आहे, नद्या आहेत, धरणं आहेत. पालिकेच्या तिसरी-चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन वेळा, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात टँकवर आणा. त्या वेळात आपले टँक रिकामेच असतात. पंप चालू, पाणी गाळलेलं, जीवरक्षक बसून आणि माणूस नाही. एकवीस दिवसांत मूल तरंगायला शिकतं. चार स्ट्रोक शिकवायची गरज नाही. पडलं तर उताणं व्हायचं, श्वास घ्यायचा, काठ शोधायचा, एवढं पुरतं. या तासांना खर्च जवळजवळ शून्य आहे, बसभाडं आणि शिकवणारा एवढाच. तरी हे होत नाही, कारण टँक क्रीडा विभागाकडे आणि शाळा शिक्षण विभागाकडे. दोन फायलींच्या मधे मी माझी शेवटची दोन वर्षं घालवली. एका मुख्याध्यापिकेनं परवानगीची वाट न बघता मुलं आणली, चाळीस. ती बॅच अधिकृत कागदावर कुठेच नाही.

जीवरक्षकांबद्दल दोन वाक्यं लिहायची राहिली होती. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेला, हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबणारे, आवाज नाही, आणि मिनिटभरात खाली. हे ओळखणारी नजर तयार व्हायला वेळ लागतो. तिला सफाई कामगाराच्या दरानं, अकरा महिन्यांच्या करारावर ठेवायचं आणि मधल्या वेळात तिकिटंही फाडायला लावायची, ही काटकसर मला कधी कळली नाही.

तुमच्या टँकसाठी भांडायचं असेल तर भावनेनं भांडू नका. सकाळी पहिल्या बॅचला जा आणि खोल बाजूच्या काठावर उभं राहून तळाची जाळी बघा. तिच्या पट्ट्या वेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. नसतील तर उतरू नका आणि मुलांना उतरू देऊ नका, त्या पाण्यात तळाशी गेलेला माणूसही दिसणार नाही. मग नोंदवही मागा. दिवसातून तीन वेळा क्लोरीन आणि पीएच, दोन्ही रकाने, लिहिलेले हवेत. रोज एकच आकडा असेल तर तो मोजलेला नाही. मग बॅकवॉशची तारीख, पाण्याच्या मीटरचं वाचन आणि गेल्या महिन्यात किती माणसं आली ते. हे चार आकडे माहितीच्या अधिकारात लेखी मागितले तरी द्यावे लागतात. आमच्याकडे निवृत्त टपाल खात्यातले एक गृहस्थ दर महिन्याला ते मागायचे. मला त्यांचा वैताग यायचा, पण त्या टँकचा पंप मी कधी रात्री बंद करू दिला नाही, आणि त्याचं कारण बऱ्याच अंशी तेच होते.